भयकुंपण

करंजमाळच्या न्यायालयात लांडग्याच्या पिल्लाची साक्ष दुपारच्या सत्रात ठेवली होती, कारण सकाळी ते झोपलेलं असे.

पिल्लू काचेच्या पेटीत होतं. जेमतेम दीड महिन्याचं, भुरकट, डोक्याच्या मानाने कान मोठे. शिपायाने पेटीला जोडलेल्या नळ्या एकेक करून उघडल्या. पहिल्या नळीतून ओल्या मातीचा वास आत गेला. पिल्लाने तिकडे पाहिलंही नाही. दुसरीतून मेंढीच्या लोकरीचा गेला, तेव्हा ते नाक वर करून हुंगत राहिलं. तिसरीतल्या रॉकेलला ते शिंकलं आणि बाकांवरचे लोक हसले. चौथ्या नळीतून जळलेल्या डिझेलचा वास सुटला आणि पिल्लू जागच्या जागी ताठ झालं. मग पेटीच्या कोपऱ्यात शिरून, पोट जमिनीला चिकटवून ते असं थरथरू लागलं की काचेवर त्याच्या नखांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आता कुणी हसत नव्हतं.

"हे पिल्लू संशोधन केंद्रात जन्मलं," सरकारी वकील म्हणाले. "कुत्रीच्या दुधावर वाढलं. त्याने आयुष्यात गाडी पाहिलेली नाही. डिझेल तर या जिल्ह्यात कुठल्याच पंपावर मिळत नाही. तरी त्याला ते ठाऊक आहे. कारण त्याच्या आईला ते ठाऊक होतं."

मागच्या बाकावर बसलेल्या तारामती काळेने डोळे मिटले. खटला जिंकल्यात जमा होता.

तारामती करंजमाळ गवताळ प्रदेशाची पाठलाग-निरीक्षक होती. धरणाचं पाणी आटलं, ऊस गेला आणि त्या जमिनींवर पुन्हा गवत आलं. गवतामागून काळवीट आले, काळविटांमागून लांडगे. त्याच गवतावर मोठमोठे मेंढीफार्म उभे राहिले आणि मग जे व्हायचं ते झालं. लांडगा मेंढी उचलायचा आणि फार्मवाले जीप काढून त्याला माळावर पळवायचे. बंदुकीची गरजच नसे. उघड्या माळावर जीपपुढे लांडगा किती पळणार? छाती फुटून पडायचा. अंगावर गोळी नाही, जखम नाही. जुना कायदा शिकारीचा पुरावा मागे आणि मेलेला लांडगा काही बोलत नसे.

म्हणून नवा कायदा आला. वाहनातून हिंस्र प्राण्याचा नुसता पाठलाग करणं हाच गुन्हा ठरला. नव्या विजेच्या गाड्यांमध्ये पाठलागबंद नावाचं यंत्र सक्तीचं झालं. पळत्या प्राण्यामागे गाडी वळत राहिली की मोटार आपोआप थांबते. तेव्हापासून फार्मवाले गोठ्यात लपवलेल्या जुन्या डिझेल जीपा बाहेर काढू लागले. त्या जीपांना कुठलंच यंत्र नव्हतं. होता तो फक्त धूर, आणि त्या धुरानेच त्यांना पकडून दिलं.

त्या दिवशी उदयसिंह जगदाळे या फार्ममालकाला शिक्षा झाली. जबर दंड आणि जीप जप्त. बाहेर पडताना तो तारामतीजवळ थांबला. साठीचा, गोरापान, बोलायला गोड माणूस.

"बाई, राग नाही बरं का," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं काम केलंत. पण हा कायदा आता फार दिवस नाही राहायचा."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून तारामती आपल्या मुलीला, मैनाला घेऊन संशोधन केंद्रावर गेली. केंद्र बेड्यापासून चांगलं तासाभराच्या वाटेवर होतं. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. तारामती तिथेच जन्मली होती आणि सरकारी निवासस्थान मिळूनही तिथेच राहत होती. मायलेकी चालत आल्या. तारामती नेहमीच चालत यायची. खात्याने तिला गाडी दिली होती, ती ऊन खात उभी असे.

डॉ. पद्मजा रेगे पिल्लाला परत त्याच्या पिंजऱ्यात सोडत होत्या. आईची भीती पिल्लात उतरते तिला भयठसा म्हणत, आणि तो शोधून काढला त्यांनीच. सगळी हयात त्यांनी या केंद्रात काढली होती आणि माणसांपेक्षा लांडग्यांशी त्यांचं जास्त जमे. सात वर्षांची मैना मात्र त्यांना चालायची.

"याला भीती वाटली म्हणून तुम्ही जिंकलात?" मैनाने विचारलं.

"हो. बिचाऱ्याला त्रास झाला, पण त्याच्या भाऊबंदांचा जीव वाचला."

"कसली भीती? मला दाखवा."

रेगेबाईंनी हसत कपाटातून एक लहान बाटली काढली, बूच उघडलं आणि ती मैनापुढे धरली. "जुन्या गाड्यांचा धूर असा यायचा. आमच्या लहानपणी सगळीकडे हाच वास असे."

मैनाच्या हातातला बिस्किटाचा पुडा खाली पडला. ती रडली नाही, ओरडली नाही. मागे सरकत गेली, टेबलाखाली शिरली, गुडघे पोटाशी घेऊन फरशीला चिकटली. तिचे दात वाजत होते. फ्रॉक ओला झाला होता.

तारामतीने बूच लावलं, खिडक्या उघडल्या, मुलीला छातीशी धरलं. मैना शांत व्हायला फार वेळ लागला. शांत झाल्यावर तिला लाज वाटली आणि काय झालं हे काही सांगता येईना. "मला माहीत नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

डॉ. रेगे बाटली हातात घेऊन उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा पाहून तारामतीला कळलं की बाई घाबरल्या आहेत आणि त्याच वेळी कसल्यातरी शोधात पुढे धावूही लागल्या आहेत.

"मॅडम, बोला."

"तारामती, तुझ्या आईला कधी..." त्या अडखळल्या. "तुमच्या घरात कुणाला जीपने पळवलं होतं का?"

मैनाला बाहेर झाडाखाली शिपाईमावशींकडे बसवून दोघी बोलायला लागल्या. न्यायालयात तारामतीने भयठशाचा खुलासा कितीदा तरी ऐकला होता. आज तिने तो पुन्हा मागितला, जणू कधी ऐकलाच नव्हता.

"शरीराची पोथी असते असं समज," रेगेबाई म्हणाल्या. "आईबापांकडून पोराला मिळालेली. पाठलागाने त्या पोथीतलं अक्षर बदलत नाही. पण जीव मुठीत धरून पळताना जो वास नाकात असतो, त्या वासाच्या ओळीशेजारी शरीर पेन्सिलीने खूण करून ठेवतं. इथे सावध. ही खूण आईच्या बीजातही उमटते. पिल्लू जन्मतं ते खुणेसकट. नाकात त्या वासाच्या पेशी जास्त, आणि तो वास आला की मेंदू विचार करायला थांबत नाही. पाय आधी हलतात. म्हणून मी त्याला ठसा म्हणते."

"किती पिढ्या?"

"लांडग्यात तीन पाहिल्या आहेत. चौथीत पुसट होतो."

"आणि माणसात?"

"माणसात कुणी तपासलेलं नाही. कोण कुणाला गाडीने पळवतो?"

तारामतीने त्यांच्याकडे पाहिलं. रेगेबाईंनी मान खाली घातली.

"हे तुझ्याकडे पाहून शिकलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या. "मुलं आईचं सगळं उचलतात. तुला डिझेलचा वास कसा वाटायचा?"

तारामतीला एसटी स्टँड आठवला. लहानपणी बस समोर येऊन उभी राहिली की तिला ओकारी यायची. सगळे म्हणायचे, पोरीला गाडी लागते. पण गाडी लागते ती गाडीत बसल्यावर. तिला ती फलाटावरच लागायची. मग ती शाळेला चालत गेली, कॉलेजला सायकलने गेली आणि नोकरी शोधली ती अशी, की जिच्यात पायी फिरणं हेच काम. पायी चालणं हा तिचा अभिमान होता. तिने त्यावर शाळांमधून भाषणं दिली होती.

"मला गाडी लागायची," ती म्हणाली.

तारामतीची आई झेलाबाई बेड्यावर लिंबाखाली गोधडी शिवत बसली होती. तारामतीने विचारलं तेव्हा तिने सुई थांबवली नाही.

"पळवली व्हती की. तुला ठावं नाय व्हय?"

"तू कधी सांगितलं नाहीस, आय."

"त्यात काय सांगायचं? समद्यांचंच व्हतं. कुटं गावात चोरी झाली की आमच्या पालावर पोलिसांची जीप. त्या येळी पहाटंचं आले. बापय मानसं निसटली, आमी बाया ऱ्हायलो. मी जवान, पळाय चपळ. माळावं निघाले तर जीप मागं. थांबवून धरायचं तर कवाच धरलं असतं. धरंना. नुसती पळवंत व्हती. वरनं हसत्यात. मी वळले की जीप वळायची. धूर असा नाकातोंडात. पडले, उठले, पडले. मग त्येंला कटाळा आला आन् गेली जीप." तिने दाताने दोरा तोडला. "चोर भलताच निगाला पुन्यांदा. फुडल्या साली तू झालीस."

मैनाचं काय झालं आणि असा ठसा रक्तात तपासता येतो हे ऐकताच म्हातारीने गोधडी बाजूला ठेवली. मग तिने आपली बाही वर सारून दंड पुढे केला.

"घ्या म्हनावं रगत. माजं घ्या, तुजं घ्या. मी मरायच्या आत कुनीतरी लिवून तरी घेऊ दे, ही बाई पळाली व्हती म्हून."

रेगेबाईंनाही रक्तच हवं होतं. आठवड्यावर सुनावणी आली होती. फार्मवाल्यांनी कायद्यात दुरुस्ती सुचवली होती आणि आमदारांची एक समिती त्यावर म्हणणं ऐकून घेणार होती. दुरुस्ती वाचायला सोज्वळ होती. लांडगा मारू नये. फक्त एका पिढीला, सरकारी परवान्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकदाच डिझेल जीपने पळवावं. मग फार्मच्या कडेने धूरवाती लावाव्यात. धूरवात म्हणजे डिझेलमध्ये भिजवलेली जाड वात, दिवसभर मंद जळणारी. पुढच्या दोन-तीन पिढ्या लांडगे ती ओलांडणार नाहीत. मेंढी मरणार नाही, लांडगाही मरणार नाही. याला त्यांनी नाव दिलं होतं भयकुंपण. रेगेबाईंच्या शोधाची काठी करून ती त्यांच्याच डोक्यात घातली होती.

"लांडग्याची दया कुणाला येणार?" रेगेबाई म्हणाल्या. "पण ही भीती माणसाला कशी लागते हे दाखवलं, तर समितीला ऐकावं लागेल. कायद्यात शब्द आहेत, 'पाठलागाचा ठसा उमटलेला कोणताही सस्तन प्राणी'. माणूस सस्तनच आहे. तुमच्या सगळ्या वस्त्यांना संरक्षण मिळेल, भरपाई मिळेल. मला तुम्हा तिघींचं रक्त दे, तारामती. एवढंच."

"आणि अहवालात काय लिहाल?"

"जे आहे ते. की तुमच्या रक्तात..."

त्या थांबल्या, पण शब्द बाहेर पडला होता. दोघींनाही तो ऐकू आला. इंग्रजांनी एक कायदा केला होता, की काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात. तो कायदा गेल्याला शंभरावर वर्षं झाली, तरी तारामतीला नोकरीत घेताना एक साहेब दुसऱ्याला हळूच म्हणाला होता, हिच्या रक्तातच आहे. तेव्हा ते खोटं आहे म्हणून ती भांडू शकली होती.

"मॅडम, मैना तुमचं पिल्लू नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"उद्या तिला शाळेत कुणी बाटली हुंगायला दिली तर? लग्नाच्या वेळी कुणी तपासणी मागितली तर?"

"विचार कर," रेगेबाई म्हणाल्या. "मी तुझ्या संमतीशिवाय काही करणार नाही." आणि त्या शब्दाला जागणाऱ्या बाई होत्या.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तारामतीला जप्तीसाठी जगदाळेच्या फार्मवर जावं लागलं. तिथे प्रयोग म्हणून धूरवाती लावायची परवानगी आधीच मिळाली होती. कुंपणाच्या कडेने लोखंडी खांब, प्रत्येकावर लहानशी डबी, डबीतून धुराची बारीक रेघ. फाटक लांबून दिसताच तिला घाम फुटला. आता तिला त्या घामाचं नाव ठाऊक होतं, तरी घाम थांबत नव्हता. तिने पदर नाकाला बांधला आणि एकेक पाऊल मोजून टाकावं तशी आत गेली. जीपला सील ठोकताना तिच्या हातून लाख दोनदा सांडली.

जगदाळे खुर्ची टाकून बसला होता. "पाणी घ्या, बाई. ऊन लागलं वाटतं." मग कुंपणाकडे हात करून म्हणाला, "वाती चांगल्या लागू पडल्यात. लांडगा एकदाही आला नाही. आणि गंमत सांगू? पूर्वी तुमच्या बेड्यावरची पोरं बोरांसाठी कुंपणातून शिरायची. मेंढरं बुजायची. ओरडून ओरडून घसा बसायचा आमचा. वाती लावल्यापासून एक पोर फिरकलं नाही. शहाणी झाली म्हणायची."

तो हसत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

तारामती फाटकाबाहेर पडली आणि धुराच्या पल्ल्याबाहेर येईपर्यंत चालली. मग बांधावर बसली. तिच्यापुढे आता दोन्ही वाटा स्पष्ट होत्या. रक्त दिलं नाही, तर भयकुंपण मंजूर होईल, माळभर वाती लागतील आणि बेड्यावरच्या पोरांचा माळ कळत-नकळत आक्रसत जाईल. रक्त दिलं, तर कदाचित वाती थांबतील. पण मग जगदाळेला कळेल. जगदाळेला कळलं की सगळ्यांना कळेल, की माणसांना दूर ठेवायला भिंत लागत नाही, पहारेकरी लागत नाहीत. एका पिढीला एकदा नीट पळवलं की नातवंडांपर्यंत काम होतं. आज जे अजाणता घडलं ते उद्या कुणीतरी जाणून करेल. कुठे ना कुठे, कुणाच्या ना कुणाच्या मागे, जीप निघेल.

समितीपुढे ती उभी राहिली तेव्हा झेलाबाई मागच्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. रेगेबाईंच्या पिशवीत रिकाम्या नळ्या होत्या. तारामतीने आईची हकीकत सांगितली. माळ, जीप, हसणं, धूर, सगळं सांगितलं. एका आमदारबाईंनी डोळे पुसले.

अध्यक्ष वयस्कर होते, शब्द तोलून बोलणारे. "निरीक्षकबाई, तुमच्या मातोश्रींवर अन्याय झाला यात शंका नाही. पण आपल्यापुढचा विषय वेगळा आहे. या पाठलागाचा परिणाम पुढच्या पिढीवर झाला असं आपलं म्हणणं आहे का? असेल तर तसा काही पुरावा?"

"लांडग्याच्या पिल्लाला बोलता येत नाही, साहेब, म्हणून तुम्ही त्याचं खरं मानता," तारामती म्हणाली. "मी बोलते आहे."

"बोलण्यावर समितीला निर्णय घेता येत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, रक्ताची चाचणी होऊ शकते. आपण तयार आहात का?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. रेगेबाई पाहत होत्या. मागे झेलाबाईने बाही वर सारली होती.

"नाही," तारामती म्हणाली.

आणि ती बाहेर आली. आवारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पळत आलो आहोत. चपला आतच राहिल्या होत्या.

दुरुस्ती मंजूर झाली. रेगेबाईंनी केंद्र सोडलं नाही, पण त्या तारामतीशी पूर्वीसारखं बोलू शकल्या नाहीत. झेलाबाईने लुगडं घडी करून ठेवलं आणि त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. तिने राग केला असता तर तारामतीला बरं वाटलं असतं. बेड्यावरचे जाणते लोक म्हणाले, बरं केलंस पोरी, रक्ताचा दाखला एकदा दिला की परत घेता येत नाही. त्यांचं खरं होतं. तिनेही बांधावर बसून तोच विचार केला होता. सगळी कारणं खरी होती.

तरी तिला चैन पडत नव्हतं. सभागृहात अध्यक्षांनी विचारलं त्या क्षणी यातलं एकही कारण तिच्या मनात आलं होतं का, हे तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो खिडकीतून आलेला वारा. समितीला दाखवायला म्हणून फार्मवाल्यांनी आवाराच्या मागच्या टोकाला एक धूरवात लावून ठेवली होती. तो 'नाही' तिचा होता, की आईला पळवणाऱ्या त्या जीपचा? ही शंका कुणाला विचारायची? रेगेबाईंकडे त्याची चाचणी होती. ती करून घ्यायला तिने नकार दिला होता.

थंडी सरता सरता जिल्हा परिषदेच्या रस्त्याला लागून नवे खांब उभे राहिले. त्या सकाळी पहिल्यांदाच वाती पेटवल्या होत्या. तारामती मैनाला शाळेत सोडायला निघाली होती. शाळेचं कौलारू छप्पर रस्त्याच्या टोकाला समोर दिसत होतं, अगदी हाकेच्या अंतरावर. मैना पुढे उड्या मारत चालली होती, कालच्या खेळाबद्दल काहीतरी सांगत होती. रस्त्याच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, मग बोलणं न तोडता डावीकडे वळली आणि ओढ्याच्या काट्याकुट्यातल्या लांबच्या वाटेने चालू लागली.

"मैना, अगं, शाळा इकडे आहे."

"माहीत आहे."

"मग तिकडून का? उशीर होईल. काटे आहेत."

मैनाने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तिला आईच्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं होतं.

"मला हीच वाट आवडते, आई," ती म्हणाली आणि काट्यांतून चालत राहिली.